वेग हातातच असतो

गिटारवादकाचं चित्रीकरण करणारा कॅमेरा हमखास डाव्या हातावर जाऊन थांबतो. फ्रेटवरून धावणारी बोटं, ताणून पुढं गेलेली करंगळी, तार ओढून सूर चढवताना पांढरी पडलेली नखं. बघणाऱ्याला वाटतं, सगळी करामत इथंच चालली आहे. उजवा हात जागचा हललेलाही दिसत नाही. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत पिक, म्हणजे प्लास्टिकचा एक तुकडा असतो, आणि तो तारेच्या अल्याडपल्याड जेमतेम काही मिलिमीटर जातो-येतो. श्रोत्याचं त्याच्याकडं लक्ष जात नाही. शिकणाऱ्याचंही बराच काळ जात नाही. इलेक्ट्रिक गिटारवरच्या द्रुत वादनाचा सगळा तिढा मात्र त्या चिमटीत असतो.

हे पटत नसेल तर जँगो राइनहार्टचा डावा हात आठवावा. १९१० साली बेल्जियममध्ये जन्मलेला हा रोमा वादक. १९२८ मध्ये त्याच्या घरगाडीला आग लागली आणि डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी कायमची अधू झाली. पुढं आयुष्यभर त्यानं सोलो वाजवले ते मुख्यतः उरलेल्या दोन बोटांवर. तरीही त्याच्या रेकॉर्ड ऐकताना चार बोटं धडधाकट असलेले वादक आजही वचकून असतात. उजवा हात शाबूत होता, आणि त्या हाताची एक पक्की रीत होती. मनगट किंचित वाकलेलं आणि हवेत. प्रत्येक नव्या तारेवर पहिला आघात खालच्या दिशेनं. आघात झाला की पिक पुढच्या तारेवर टेकलेलं. त्या काळी नाचाच्या हॉलमध्ये अँपशिवाय वाजवायचं आणि तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जायला हवं, अशी अट होती. वेग आणि आवाज दोन्ही सांभाळणारी ही रीत त्या अटीतूनच घडलेली.

इलेक्ट्रिक गिटारनं ही अट काढून टाकली. आवाजाची जबाबदारी अँपनं उचलली. तारा बारीक झाल्या. सर्वांत बारीक तार ०.००९ इंच जाडीची असली तरी भागतं. तारा फ्रेटच्या अगदी जवळ बसवता येऊ लागल्या आणि अलगद छेडलं तरी पुरू लागलं. आवाज मुद्दाम खरखरीत करणारं डिस्टॉर्शन लावलं तर हलका आघात आणि जोरकस आघात यांत फारसा फरकही उरत नाही. डाव्या हाताची बोटं तारेवर नुसती आपटली किंवा तारेवरून खेचून काढली तरी सूर येतात. मग प्रत्येक सूर पिकनं वेगळा छेडायचा अट्टहास कशासाठी? कारण छेडलेल्या सुराला सुरुवातीची धार असते. बोटांनी काढलेले सूर एकमेकांत मिसळत, ओघळत येतात. छेडलेले सूर एकेक करून उभे राहतात. आपल्याकडं सरोदवादक एकहारा तान म्हणतात तीच ही गोष्ट: एक सूर, एक आघात, आणि लय कितीही चढली तरी त्यात तडजोड नाही.

मी गिटार हातात घेतली ती नव्वदच्या दशकात, पुण्यात कॉलेजला असताना. शिकण्याचं साधन म्हणजे मित्राकडून मित्राकडं फिरत आलेली, तिसऱ्या-चौथ्या पिढीची कॅसेट. द्रुत सोलो ऐकून उतरवून घ्यायचा तर वॉकमनची बॅटरी उतरण्याची वाट पाहायची, म्हणजे टेप रेंगाळायची. सूरही खाली घसरायचे, पण निदान मोजता तरी यायचे. वादकाचा हात दिसण्याचा प्रश्नच नव्हता. कानानं सूर कळायचे, पण ते निघाले कसे हे कळायला मार्ग नव्हता. पुढं नोकरी, घर, हप्ते यांत गिटार माळ्यावर गेली ती चाळिशी उलटल्यावर खाली आली. आता कोणत्याही वादकाचा उजवा हात मोबाइलवर जवळून, संथ करून, हवा तितक्या वेळा पाहता येतो. सुराची पट्टीही ढळत नाही. साधनं बदलली, उपदेश मात्र तोच होता: मेट्रोनोम लावा, हळू वाजवा, स्वच्छ आलं की पाचनं वाढवा.

ठरावीक लयीत ठोके देणाऱ्या मेट्रोनोमचं पेटंट मेल्झेलनं १८१५ साली घेतलं, आणि तेव्हापासून हा उपदेश शिक्षकांच्या तोंडी बसला असावा. तो ऐकायला इतका सज्जन आहे की त्याला विरोध करणं असभ्य वाटतं. त्यात कष्टाला मान आहे, धीराला मान आहे. शिवाय आपल्या रियाजाच्या संस्कारांशी तो चपखल जुळतो: आधी ठाय, मग दुगुन, मग चौगुन. ठोक्याला चार सूर या हिशेबानं मिनिटाला साठ ठोक्यांवर सुरू करायचं आणि पायरी पायरीनं चढत जायचं. शंभरपर्यंत प्रवास सुखाचा होतो. एकशेवीसला घाम फुटतो. त्याच्या थोडं पुढं जवळजवळ प्रत्येकाच्या वाटेत एक भिंत येते. माझ्याही आली. कोपर ताठरतं, खांदा कानाकडं सरकतो, चिमूट आवळली जाते आणि पिक तारेत रुततं. उपदेशाकडं यावर एकच उत्तर असतं: अजून हळू, अजून जास्त.

आता एक साधी चाचणी. वाचक हे करून पाहू शकतो. शाळेत तास ऑफ असताना बाकावर ताल धरायचो, तसा उजवा हात टेबलावर ठेवून शक्य तितक्या जलद, पण सैल हातानं टकटक करायची. कसलाही सराव नसलेल्या माणसाच्या सेकंदाला पाच-सहा टकटकी सहज होतात. आता हिशेब मांडा. पिक एकदा खाली आणि एकदा वर गेलं की एक फेरा होतो आणि दोन सूर निघतात. सेकंदाला सहा फेरे म्हणजे बारा सूर. ठोक्याला चार सूर धरले तर सेकंदाला तीन ठोके, म्हणजे मिनिटाला एकशेऐंशी. ज्या आकड्यासाठी मुलं वर्षानुवर्षं मेट्रोनोमपुढं बसतात, तो आकडा गिटारला कधी हातही न लावलेल्या माणसाच्या हातात आधीपासून आहे. वेगासाठी लागणारा स्नायू कमवायचा नसतो. तो असतोच. तारेपाशी आल्यावर त्याला काय अडवतं, एवढंच शोधायचं असतं.

अडवते ती हालचाल. संथ लयीत हात कसाही हलवला तरी चालतं. बोटांनी पिक ढकला, मनगटानं ढकला, कोपरानं ढकला, सूर येतो. प्रत्येक आघातानंतर हात थांबतो, आणि थांबवण्यासाठी उलट बाजूचा स्नायू ताणला जातो. याच सवयीनं लय चढवत नेली की दोन्ही बाजूंचे स्नायू एकाच वेळी ताणून धरतात आणि हात लाकूड होतो. चालण्याचा वेग वाढवत नेला म्हणून त्याचं पळणं होत नाही. पळताना दोन्ही पाय क्षणभर जमिनीवरून सुटलेले असतात आणि चालताना ते कधीच सुटत नाहीत. चालण्याचा कितीही सराव केला तरी ती सुटका त्यातून येत नाही. पिकचंही तसंच आहे. मेट्रोनोमच्या पायऱ्या चालण्याच्याच पायऱ्या असतात, आणि भिंत उभी असते ती पळणं सुरू व्हायला हवं तिथं.

ही गोष्ट मला नीट उमगली ती गिटारवाल्याकडून नाही. आमच्या इमारतीत तळमजल्यावर तबल्याचे वर्ग घेणारे एक सर राहतात. एकदा जिन्यात भेटले तेव्हा विचारलं, "सर, मुलांना द्रुत लय शिकवताना तुम्हीसुद्धा मेट्रोनोमवर थोडं थोडं चढवता का?"

"चढवतो की," ते म्हणाले. "पण नुसतं चढवून कसं भागेल? लय बदलली की हात बदलतो. या आत, दाखवतो."

त्यांनी आधी 'तेटे' वाजवलं. शाईवर एक आघात मधल्या बोटांचा, दुसरा तर्जनीचा. स्वच्छ, सुटा. लय थोडी वाढवली. मग थांबून म्हणाले, "आता बघा," आणि 'धिरधिर' सुरू झालं. बोटं दिसेनाशी झाली. तळहाताची करंगळीकडची बाजू, लगेच अंगठ्याकडची, पुन्हा करंगळीकडची, असा अख्खा पंजा शाईवर डुलत होता. चेहऱ्यावर कष्टाची खूणही नव्हती.

"बोटांनी तेटे-तेटे करत या लयीला आलात तर जन्मात वाजायचं नाही," सर म्हणाले. "इथं बोटं वाजवतच नाहीत. हात फिरतो."

"मग मुलांना हे हळू शिकवता की नाही?"

"हळूच शिकवतो. पण हळू वाजवतानासुद्धा पंजा फिरवूनच वाजवायचा. हळू आहे म्हणून बोटांनी वाजवलं, तर ते धिरधिर नव्हेच."

शिक्षकांच्या जुन्या उपदेशात गाळलेलं वाक्य ते हेच. संथ सराव उपयोगी आहे, फारच उपयोगी आहे. पण संथ करायची ती द्रुत लयीतली हालचाल. आणि ती हालचाल कोणती हे कळायला आधी द्रुत लयीत जाऊन यावं लागतं. वेडंवाकडं, सूर सांडत, एकाच तारेवर, काही सेकंद का होईना.

रॉक गिटारवादक एडी व्हॅन हेलनचा हात मी नंतर पुन्हा पाहिला. १९७८ सालच्या पहिल्या अल्बमवरचा 'इरप्शन' हा पावणेदोन मिनिटांचाही नसलेला तुकडा साऱ्या जगाच्या गिटारवाल्यांना घोर लावून गेला. त्यातलं दोन्ही हातांचं टॅपिंग सगळ्यांना आठवतं. मला आता त्याचं एकाच सुरावर थरथरणारं पिक दिसतं. मनगट उचललेलं, पंजा हवेत तरंगता. पिक धरलेलं तेही पुस्तकी रीत सोडून, अंगठा आणि मधल्या बोटात. आणि कोपरापुढचा हात स्वतःभोवती किंचित फिरतो. तळमजल्यावरचे सर ते पाहून नक्की म्हणाले असते, हा तर धिरधिर वाजवतोय.

डिक डेलचं उदाहरण याहून बोलकं आहे. वडिलांकडून लेबनानी वंशाचा हा अमेरिकन वादक ड्रमर जीन क्रुपाचा भक्त. १९६२ साली त्यानं 'मिसिरलू' ही पूर्व भूमध्य समुद्राकडची जुनी धून इलेक्ट्रिक गिटारवर वाजवली. १९९४ च्या 'पल्प फिक्शन' सिनेमाच्या सुरुवातीला ती वाजते, त्यामुळं नाव माहीत नसलेल्यांनीही ती ऐकलेली असते. त्यातली चाल तशी जलद नाही. जलद आहे ते एकेका सुरावर चाललेलं पिकचं घर्षण. छेडलेली तार लगेच विझू लागते. गाणाऱ्याच्या गळ्यासारखा किंवा व्हायोलिनसारखा सूर तिला धरून ठेवता येत नाही. तो जिवंत ठेवायचा तर विझण्याआधी पुन्हा छेडायचा, पुन्हा छेडायचा. ऊद वाजवणाऱ्याला, मँडोलिनवाल्याला, झाला वाजवणाऱ्या सतारियाला हीच गरज असते. वेगाकडं दिखाऊपणा म्हणून पाहणाऱ्यांनी ही बाजूही लक्षात घ्यावी. तंतुवाद्यांवरचा वेग पुष्कळदा अशक्तपणावरचा उपाय म्हणून जन्मलेला असतो.

एका तारेवर हात असा मोकळा झाला की वाटतं, जिंकलं. मग दुसऱ्या तारेवर जायची वेळ येते आणि गिटारचा खरा हिसका कळतो.

सतारीच्या वाटेला हा त्रास फार येत नाही. तिथं बहुतेक धावपळ एका बाजाच्या तारेवर होते. डावा हात पडद्यांवरून लांबच लांब जातो, उजव्या तर्जनीवरची मिजराब त्याच तारेवर 'दा रा' करत राहते. गिटारच्या सहा तारा जवळजवळ आखलेल्या. ब्रिजपाशी दोन तारांत सुमारे एक सेंटिमीटर अंतर. पिकचं टोक एका तारेवरून दुसरीवर जाताना मधे अडकतं. कारण पिक तारांवरून सपाट जात नाही, तिरक्या रेषेत जातं. रेषेचं एक टोक तारांच्या वर, मोकळ्या हवेत; दुसरं टोक दोन तारांच्या मधे, खोलात. हवेत असताना कुठल्याही तारेवर जाता येतं. खोलात असताना शेजारची तार आडवी येते. हात असा तिरका असेल की वरच्या दिशेचा आघात हवेत सुटतो, तर तार बदलायची ती वरच्या आघातानंतरच. सुरुवात खालच्या आघातानं केली, तर एका तारेवर दोन, चार, सहा असे समसंख्येचे सूर हवेत. तीन सूर घेतले की शेवटचा आघात खाली येतो आणि पिक सापळ्यात सापडतं. आणि गंमत अशी, की गिटारच्या पुस्तकांतले कितीतरी धडे एका तारेवर तीन सूर याच हिशेबानं रचलेले असतात.

इंगवे माल्मस्टीन हा स्वीडनचा वादक. १९८४ च्या 'रायझिंग फोर्स' अल्बममधून त्यानं बाख आणि पागानिनी यांच्या धाटणीच्या तानांचा इलेक्ट्रिक गिटारवर पाऊस पाडला. पुढची कितीतरी वर्षं लोक म्हणत राहिले की त्याचा हात दैवी आहे. ट्रॉय ग्रेडी या अमेरिकन गिटारवाल्याला या उत्तरानं समाधान नव्हतं. त्यानं गिटारलाच कॅमेरा बसवून वादकांच्या पिकची संथ गतीतली चित्रं घेतली आणि माल्मस्टीनच्या ताना सुरासुरानं उकलल्या. तेव्हा दिसलं ते असं: त्याचं पिक एकाच बाजूला तिरकं आहे, आणि त्याच्या ताना त्या तिरकेपणाला सोयीच्याच रचलेल्या आहेत. बहुतेक ठिकाणी समसंख्या. विषम आली आणि चढायचं असलं, तर पिक खालच्याच दिशेनं पुढच्या तारेवर सरकतं. उतरायचं असलं, तर शेवटचा सूर छेडायचा नाही. डाव्या बोटानं खेचून काढायचा आणि तेवढ्यात पिकनं तार बदलायची. कानाला वाटतं सगळं छेडलंय. प्रत्यक्षात हातानं अडचणीची जागा चुकवून वाट काढलेली असते.

मला यात दैवी हातापेक्षाही मोठं काही दिसतं. वादकाच्या हाताला जे सहज येतं, त्यातून त्याची शैली घडते. हाताची घडण आणि तानेची घडण एकमेकींना घडवत जातात. प्रत्येकाला प्रत्येकाची तान यायला हवी असा काही नियम नाही. एखाद्या गायकाचा गळा सपाट तानेला फिरतो, दुसऱ्याचा गमकेला. आपण दोघांनाही दाद देतो आणि पुढं त्यालाच घराणं म्हणतो. इलेक्ट्रिक गिटारवर घराणी नाहीत असं कुणी म्हणालं, तर त्यानं पिकचा तिरकेपणा पाहावा.

इंग्लिश गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिनचा हात वेगळ्याच वाटेनं गेला. तो जवळजवळ प्रत्येक सूर एक खाली, एक वर असा इमानानं छेडतो. एस. रामनाथन यांच्याकडं तो वीणा शिकला, आणि झाकीर हुसेन, एल. शंकर, विक्कू विनायकराम यांच्याबरोबर त्याचा 'शक्ती' हा वाद्यवृंद उभा राहिला. १९७६ साली आलेली त्यांची पहिली रेकॉर्ड ऐकताना हा कडवेपणा कुठून आला ते कळतं. समोर तबला आणि घटम् असताना ओघळते सूर चालत नाहीत. सवाल-जबाबात एकेका बोलाला एकेका आघातानं उत्तर द्यावं लागतं. २०२४ मध्ये त्याच 'शक्ती'ला ग्रॅमी मिळालं तेव्हा गाण्याच्या बाजूला आपल्या मुंबईत वाढलेले शंकर महादेवन होते आणि वय वर्षं ब्याऐंशीचा मॅक्लॉफ्लिन गिटारवर होता. जोर लावून आणलेला वेग त्या वयापर्यंत टिकला नसता. हात सैल राहिला म्हणून तो टिकला, असं मी समजतो.

आता माझ्या हाताविषयी. तो माल्मस्टीनचा होणार नाही आणि मॅक्लॉफ्लिनचाही नाही. रात्री जेवणं उरकली की हेडफोन लावून मी बसतो. आधी एका तारेवर काही सेकंद सुसाट, मग तोच हात तसाच ठेवून संथ. खालच्या तारा उजव्या तळव्याच्या कडेनं दाबून गप्प ठेवायच्या, नाहीतर डिस्टॉर्शन एकेक कुजबुज चव्हाट्यावर आणतं. तार बदलायची जागा ओळखून तिथले सूर हाताच्या सोयीनं बसवायचे. डावं बोट आणि पिक एकाच क्षणी तारेवर पडतात का, हे ऐकायचं. घरच्यांना हेडफोनबाहेर फक्त टिकटिक ऐकू येते. "झालं का तुझं घड्याळ?" असं बायको विचारते. काही रात्री खरंच होतं. तान सलग निघते, खांदा खाली असतो, आणि हातानं काही केलं असं वाटतच नाही.

आपल्याकडं कष्टांवर इतकी श्रद्धा आहे की अडलेल्या माणसाला आपण पहिल्यांदा आळशी ठरवतो. रोज पहाटे उठून रियाज करणारा मुलगा द्रुत लयीत अडला की त्याला अजून तासभर बसवतो. हात कसा हलतोय हे त्याच्या शेजारी बसून पाहणारे थोडे. अडलेल्या हातावर आणखी तास ओतले की अडणंच पक्कं होतं. कधी मनगट सुजतं, आणि मग वाद्यच सुटतं.

म्हणून गिटार असो, तबला असो, हार्मोनियम असो, मूल शिकत असो की आजोबा, लय चढत नसेल तर तासांचा हिशेब थोडा बाजूला ठेवा. एकदा मुद्दाम जलद वाजवून पाहा, चुकलं तर चुकू द्या. मोबाइल समोर ठेवून उजव्या हाताचं चित्रीकरण करा आणि ते संथ करून बघा, किंवा जाणत्या माणसाला शेजारी बसवून विचारा, "माझा हात काय करतोय?" उत्तर मिळालं की मग खुशाल मेट्रोनोम लावा आणि तीच हालचाल हळूहळू घोटा.